भरतीचे सहा तास

कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत भरतीची वेळ काढायचं एक गणित पूर्वापार चालत आलं आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी वर, दुपारी बाराला खाली. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास. मिनिटाच्या हिशेबात हे गणित कच्चं आहे, पण होडी काढायला पुरतं. आता मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, तरीही शिवडीला फ्लेमिंगो बघायला निघालेला मुंबईकर तिथी बघत नाही, रविवार बघतो. मग भर भरतीला पोचतो, समोर नुसतं मळकट पाणी दिसतं, आणि ‘यंदा पक्षी आलेच नाहीत’ अशी बातमी घेऊन तो घरी जातो. याच्या उलट तऱ्हेने फसणारेही असतात. ते ऐन ओहोटीला येतात. तेव्हा पक्षी चिखलाच्या पार टोकाला, पाण्याच्या कडेला असतात आणि धक्क्यावरून फक्त एक गुलाबी रेघ दिसते.

पक्षी नीट बघायचे असतील तर पाणी चढत असताना, भरती पूर्ण होण्याआधीचे दोन-तीन तास धरायचे. चढतं पाणी चिखल व्यापत येतं आणि चरणाऱ्या पक्ष्यांना आपल्या पुढे किनाऱ्याकडे सरकवत आणतं. शिवडीत आणखी एक पंचाईत आहे. तिथला चिखल पूर्वेला असल्यामुळे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. म्हणून जाणती मंडळी पंचमी-षष्ठीच्या आसपासचा दिवस निवडतात. दुपारी चारच्या आगेमागे भरती, दीड-दोनपासून पक्षी जवळ, आणि सूर्य आपल्या पाठीशी.

हार्बर लाइनवरच्या शिवडी स्टेशनात पूर्वेला उतरायचं. या भागात रिक्षा चालत नाहीत, टॅक्सी मिळाली तर मिळाली, नाहीतर पायीच जायचं. बंदराच्या मालकीची गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि दुरुस्तीला ओढलेल्या बोटींचे सांगाडे ओलांडत रस्ता धक्क्याकडे जातो. टेकाडावर शिवडीचा किल्ला आहे. इंग्रजांनी तो १६८० मध्ये खाडीवर नजर ठेवायला बांधला आणि नऊच वर्षांनी जंजिऱ्याच्या सिद्दीने तो घेतला. पुढे पलीकडच्या काठावर माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी, त्यामागे तुर्भ्याची टेकडी आणि भाभा अणुसंशोधन केंद्र. आणि या सगळ्यावरून आता अटल सेतू गेला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल शिवडीच्या याच चिखलातून उठतो. पक्ष्यांना त्रास कमी व्हावा म्हणून या टप्प्यात कठड्याला आवाज अडवणारे पडदे लावले आहेत. कामाच्या काळात चिखलात तात्पुरता पूल उभा होता, यंत्रांची घरघर चालू होती, आणि पक्षी कायमचे जातील असं पुष्कळांना वाटत होतं. ते गेले नाहीत. मात्र धक्क्यावरून दिसणारं आकाश आता अर्धं काँक्रीटचं आहे आणि छायाचित्रकारांना त्याचा फार राग येतो.

धक्क्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास. गटार, डिझेल, कुजलेलं शेवाळ आणि मीठ यांचा एकत्र वास. नाकाला रुमाल लावून उभे असलेले लोक पाचेक मिनिटांत रुमाल खाली घेतात, कारण दुर्बीण धरायला दोन्ही हात लागतात.

छोटे फ्लेमिंगो संख्येने जास्त. उंचीला अडीच-तीन फूट, चोच गडद तांबडी, लांबून काळीच वाटणारी. त्यांच्यात मधूनच हात-दीड हात उंच, जास्त पांढरे आणि फिकट गुलाबी चोचीचं टोक तेवढं काळं असलेले मोठे फ्लेमिंगो. मराठी पक्षिपुस्तकांत यांना रोहित म्हणतात. करडे, मळकट दिसणारे पक्षी वेगळ्या जातीचे नव्हेत. ती पिल्लं आहेत, त्यांना रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात. हा रंग जन्माचा नसतो, खाण्यातून येतो. शेवाळातली आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जिवांतली रंगद्रव्यं पिसांत उतरतात.

एखाद्या पक्ष्यावर दुर्बीण स्थिर करून पाहत राहावं. मान खाली जाते आणि डोकं पूर्ण उलटं होतं. वरची चोच खाली, खालची वर, आणि नजर स्वतःच्याच पायांमधून मागे. या अवस्थेत तो पाऊल टाकत राहतो आणि डोकं डावी-उजवीकडे फिरवत राहतो. चोचीच्या आत जाड, मांसल जीभ दट्ट्यासारखी पुढे-मागे होत असते. मागे गेली की पाणी आत, पुढे आली की पाणी बाहेर. चोचीच्या कडांना कंगव्याचे दात असावेत तशा बारीक पट्ट्या असतात, त्यांत अन्न अडकतं. छोट्या रोहिताच्या पट्ट्या इतक्या दाट की सूक्ष्म शेवाळही सुटत नाही. मोठ्याची चाळणी भरड, म्हणून तो कोळंबीसारखे बारीक जीव, अळ्या, शंखशिंपले टिपतो. त्यासाठी जागच्या जागी पाय आपटून चिखल ढवळतो. एकाच चिखलात दोघं खांद्याला खांदा लावून चरतात आणि भांडण होत नाही, कारण दोघांची ताटं वेगळी.

हे पक्षी इथे पूर्वीपासून नव्हते. मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात. सर्वमान्य कारण मुंबईकरांना ऐकायला बरं वाटणार नाही. शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं या खाडीत येतं. त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर, उथळ आणि कोमट पाण्यात, शेवाळ माजतं. त्या शेवाळावर छोटे रोहित जगतात. म्हणजे आपण ज्याला प्रदूषण म्हणतो त्याच्या काही भागावर हे सौंदर्य पोसलं आहे. कारखान्यांतून येणारे जड धातू त्याच पाण्यात असतात, तेही पक्ष्यांच्या पोटात जातात. त्यामुळे ‘घाण आहे म्हणून पक्षी आहेत, राहू द्या’ असं म्हणणारा जितका चूक, तितकाच ‘पक्षी आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली’ असं फलकावर लिहिणाराही. असे फलक मी पाहिले आहेत.

गेल्या काही वर्षांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे १८८३ पासून चालू असलेल्या आपल्या बीएनएचएसने, ठाणे खाडी परिसरात लाखाच्या वर रोहित मोजले आहेत. दिवाळीनंतर ते यायला लागतात, उन्हाळ्यात संख्या फुगते आणि पावसाचे ढग जमले की बहुतेक निघून जातात. अंडी घालायची जागा कच्छच्या रणात. तिथल्या वसाहतीची पहिली माहिती कच्छचे महाराव खेंगारजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दिली, आणि पुढे १९४० च्या दशकात सलीम अलींनी ती जगापुढे मांडली. २०२२ मध्ये बीएनएचएसने सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली तेव्हा एकाचं नाव खेंगारजी ठेवलं, एकाचं सलीम, एकाचं पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून हुमायून. एकाचं नाव तर चक्क नवी मुंबई. या यंत्रांमुळे मुंबई आणि गुजरात यांच्यातली त्यांची ये-जा नकाशावर दिसू लागली.

रोहितांवर खूप बोललं जातं, कारण ते दिसतात. चिखलात त्यांच्या पायांशी जे धावत असतं त्याकडे धक्क्यावरचे बहुतेक लोक बघतही नाहीत. छोटा टिलवा चिमणीएवढा. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे पोस्टाच्या जाड पाकिटाइतकं. तो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंड्यातून बाहेर पडतो आणि काही आठवड्यांतच स्वतःच्या पंखांवर निघून इथे येतो. कर्ल्यू सँडपायपर सैबेरियाच्या उत्तर टोकाचा. त्याची चोच शेवटाला हलकीच खाली वळलेली. हे पक्षी रोहितांच्या कितीतरी आधी, भर पावसाळ्यात, ऑगस्टच्या शेवटी येतात. तेव्हा काहींच्या पोटावर विणीच्या हंगामातला विटकरी रंग उरलेला असतो. महिन्याभरात तो जातो आणि उरतो चिखलाच्या रंगाचा एक धावता ठिपका.

एकाच चिखलातून कोण काय काढतं हे चोचीवरून ठरतं. चिखल्या आखूड चोचीचा आणि मोठ्या डोळ्यांचा. चार पावलं पळतो, थांबतो, बघतो, टिपतो, पुन्हा पळतो. त्याचं काम नजरेवर चालतं. टिलवा आणि सँडपायपर बघत नाहीत, टोचत राहतात. त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श जाणणारी केंद्रं असतात, चिखलात किडा हलला की कळतं. कोरलची चोच लांब, खाली वाकलेली. तो ती खेकड्याच्या बिळात जवळजवळ कपाळापर्यंत घालतो, खेकडा बाहेर ओढतो, आपटून त्याच्या नांग्या तोडतो आणि मग गिळतो. बिळांच्या तोंडाशी निवटे उड्या मारत असतात. हा मासा पाण्याबाहेर चिखलावर वावरतो, आणि कोळीवाड्यात आवडीने खाल्लाही जातो. एका मोठ्या नांगीचे खेकडे ती नांगी सारखी वर-खाली करत असतात. माद्यांना बोलावणं आणि शेजाऱ्याला धमकी, दोन्ही त्याच एका हालचालीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत स्थलांतर करणाऱ्या १६ किनारी पक्ष्यांची श्रेणी एकदम वाढवण्यात आली. म्हणजे त्यांचा धोका वाढल्याचं मान्य झालं. कर्ल्यू सँडपायपर त्यांतलाच, करडा चिखल्याही. हे दोन्ही पक्षी शिवडीत दुर्बीण लावली की दिसतात. त्यांच्या बातम्या फार झाल्या नाहीत. गुलाबी नसण्याचा हा तोटा आहे.

पाणी चढत येतं. रोहितांच्या गुडघ्यांपर्यंत येतं, मग पोटापर्यंत. टिलव्यांना तेवढा वेळ नसतो, त्यांच्या पायांना दोन बोटं पाणीही जास्त. एका क्षणी शेकडो टिलवे एकदम उठतात, हवेत वळतात. वळताना सगळी पोटं पांढरी दिसतात, पुन्हा वळले की करडी. आणि पूर्वेकडे निघून जातात. मागोमाग सुरय, कुरव, शेवटी रोहित. अर्ध्या तासात समोर पाणीच पाणी. बघे गाड्यांकडे वळतात.

माझ्या मते खाडीची खरी गोष्ट या क्षणी सुरू होते. चिखल दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. चरायची जागा झाकली गेली की पुढचे पाच-सहा तास या हजारो पक्ष्यांनी बसायचं कुठे? त्यांना पोहत राहून भागत नाही. पाय टेकतील एवढंच पाणी, चारही बाजूंना मोकळी दृष्टी, कुत्री आणि माणसं लांब, अशी जागा लागते. तिथे ते पिसं साफ करतात, झोपतात, खाल्लेलं पचवतात, अंगावर चरबी साठवतात. ही चरबी म्हणजे हजारो किलोमीटरच्या परतीचं इंधन. भरतीच्या वेळी कुणी त्यांना पुनःपुन्हा उडवलं तर तेच इंधन इथेच जळतं. माहुलच्या बाजूचे एक होडीवाले काका हे सगळं एका वाक्यात सांगून गेले. पक्षी भरतीला जातात कुठे असं विचारलं तर म्हणाले, “कुठं जाणार? पलीकडं नवी मुंबईत. तिथं पण आता बिल्डिंगा.”

पलीकडे म्हणजे नेरूळ-सीवूड्सला. सीवूड्स-दारावे स्टेशनातून पाम बीच रस्ता ओलांडला की इमारतींच्या मागे डीपीएस तलाव, एनआरआय संकुलाजवळची पाणथळ आणि टी. एस. चाणक्यची पाणथळ. शिवडीत जे एक किलोमीटरवर दिसतं ते इथे भरतीच्या वेळी हाकेच्या अंतरावर असतं. हजारो रोहित एका पायावर, मान पाठीवर टाकून उभे. दर थोड्या वेळाने रांगेतून बदकासारखा घोगरा आवाज उठतो, पसरतो, विरतो. त्यांच्या पुढच्या उथळ कडेला शेकाट्यांची गर्दी. सकाळी फिरायला आलेले आजी-आजोबा बाकावर बसून हे रोज बघतात आणि बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला पक्ष्यांच्या सवयी समजावून सांगतात. नवी मुंबई स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते, चौकाचौकांत रोहितांचे गुलाबी पुतळे आहेत.

२०२४ च्या उन्हाळ्यात याच डीपीएस तलावात रोहित मेले. खाडीचं पाणी आत-बाहेर येण्याची वाट बंद झाली होती. पाणी आटलं, तळ कोरडा पडला, विचलित झालेले पक्षी रस्त्यांवर भरकटले. स्थानिकांनी आरडाओरडा केला, वर्तमानपत्रांनी लावून धरलं, समिती नेमली गेली, पाण्याची वाट मोकळी झाली. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. शेजारच्या एनआरआय आणि चाणक्य पाणथळींवर गोल्फ कोर्स आणि घरं येणार होती. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेत रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका तलावासाठी एवढी धावपळ. खाडीच्या काठाला असे कितीतरी तलाव आहेत, आणि प्रत्येकाला जागरूक शेजारी मिळत नाहीत. उरणकडे पाणजे आहे, जवळपास २८९ हेक्टरची पाणथळ. भरतीचं पाणी आत घेणारी झडप बंद ठेवली की काही महिन्यांत तिचं मैदान होतं. भेंडखळसारख्या जागा भरावाखाली गेल्याच.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या लक्ष्मीनगरावर मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाला रोहितांचा थवा धडकला. विमान सुखरूप उतरलं. सकाळी वस्तीत पक्ष्यांचे तुकडे पडलेले होते, ३९ मेले. त्या रात्री तो थवा तिथे का होता यावर तर्क पुष्कळ झाले. पण एवढं खरं की बसायची जागा गेली की पक्षी दुसरी शोधतात, आणि शोधण्यासाठी उडावं लागतं. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानांना पक्ष्यांचा धोका नको म्हणून आसपासच्या पाणथळी बुजवाव्यात, असं म्हणणारे लोक आहेत. बीएनएचएसचं म्हणणं नेमकं उलट आहे. हक्काच्या जागा राहिल्या तर पक्षी तिथेच बसतील. त्या बुजवल्या तर पाणी साठलेल्या कुठल्याही मोकळ्या जागेवर उतरतील, आणि विमानतळाइतकी मोकळी जागा या पट्ट्यात दुसरी कुठे राहिली आहे?

कायद्याची रेषा कुठून जाते ते पाहण्यासारखं आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन, बाकी पाणी. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं. अभयारण्य आहे ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या मधल्या पट्ट्यात. ज्या शिवडीमुळे मुंबईला फ्लेमिंगो माहीत झाले ती या रेषेच्या बाहेर. नेरूळचे तलावही बाहेर. ओहोटीचा चिखल किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत तरी येतो, कांदळवनाला न्यायालयाचं संरक्षण आहे, पण भरतीला पक्षी जिथे बसतात ती जागा अनेकदा कागदावर यांतलं काहीच नसते. कधी ती ‘विकसनीय भूखंड’ असते, कधी पडीक.

ऐरोलीला वन खात्याच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथून होडीने खाडीत नेतात. होडीची वेळ पाण्यावर ठरते, चिखलात होडी चालत नाही. तिवरांच्या भिंतीमधून जाताना बरं वाटतं, पण एक गुंतागुंत इथे समजते. खाडीत गाळ साचतो, गाळावर तिवर येतात, आणि तिवर पुढे सरकले तेवढा मोकळा चिखल कमी होतो. टिलव्याला झाड नको असतं, झाडामागे शिकरा बसलेला असू शकतो. म्हणून ‘जिथे मोकळी जागा दिसेल तिथे तिवर लावा’ हा उत्साह प्रत्येक वेळी पक्ष्यांच्या बाजूचा नसतो. वृक्षारोपणाचा फोटो चांगला येतो हे मान्य.

आणि मिठागरं. वडाळ्यापासून मुलुंडपर्यंत पूर्वेच्या काठाला ती पसरलेली आहेत. बहुतेकांत मीठ पिकायचं थांबलं आहे, पण कप्पे आणि बांध शिल्लक आहेत. भरतीला त्या बांधांवर चिखले आणि टिलवे ओळीने बसतात. २०२४ मध्ये केंद्राने कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडमधली जवळपास २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासात अपात्र ठरलेल्यांच्या घरांसाठी द्यायला मंजुरी दिली. पूर्व द्रुतगती महामार्ग झाल्यापासून या जमिनीत समुद्राचं पाणी येत नाही, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं आहे. घरं हवीत हेही खोटं नाही. पण पावसाळ्यानंतर साचलेल्या उथळ पाण्यालाही पक्षी नाही म्हणत नाहीत, आणि तिथे भरतीच्या वेळी कोण बसतं याची कप्प्याकप्प्याची मोजणी झाल्याशिवाय हा वाद नुसत्या मतांवरच चालणार.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून. बीएनएचएस आणि गावोगावचे पक्षिमित्र ती करतात आणि हौशी लोकांना बरोबर घेतात. पक्षी ओळखता आले तर उत्तम, नाही आले तरी आकडे लिहून घ्यायला माणूस लागतोच. नाव नोंदवताना शिवडी मागू नका, तिथे जायला सगळेच तयार असतात. मिठागराची बाजू मागा, आणि भरतीची वेळ.